फोटो काढायचा की नाही

दोन हजार सालानंतर कधीतरी हिंगोलीत आम्हा डॉक्टरांचं प्रशिक्षण झालं. पुण्याहून आलेल्या तरुण पाहुण्यानं पडद्यावर फांद्या फुटलेली एक आकृती दाखवली. रोगाची शक्यता किती, तपासणीनं फायदा किती, त्रास किती, हे आकडे भरले की तपासणी करावी की नाही ते संगणक सांगे. मग त्यानं आम्हाला कागदावरचे पेशंट दिले. माझी उत्तरं संगणकाशी काही जुळेनात.

"सर, तुम्ही उगाच जास्त तपासण्या सांगता," तो हसून म्हणाला.

मी चिडलो, कारण त्याचं बरंचसं खरं होतं. एखादा रोग नजरेतून सुटला की आम्ही पुढच्या सगळ्यांना तपासणीला पिटाळतो. पण आकृतीतल्या त्या 'त्रास' शब्दावर मी अडलो: त्रास कुणाचा? मला सेनगावचा माझा जुना दवाखाना आठवला.

नव्वदच्या दशकातली एक दिवाळी नुकतीच झाली होती. तांडे ऊसतोडीला निघाले होते. एक तरुण बाई सासूबरोबर आली, कडेवर तान्हं लेकरू. बऱ्याच दिवसांचा खोकला, संध्याकाळी ताप, अंग वाळलेलं. मला क्षयाचा संशय आला. थुंकीच्या निकालाला काही दिवस लागणार आणि त्यांना ऊसतोडीला नेणारा ट्रक त्याच संध्याकाळी निघणार. म्हणून मी म्हटलं, आत्ता जीपनं हिंगोलीला जा, छातीचा फोटो काढून आणा.

"फोटो नको साहेब," ती म्हणाली. "डाग निघाला तर तुमी मला जाऊ देणार न्हाई. मग कोयता मोडंल."

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्या नवऱ्याला मुकादम नेत नाही.

"आणि लेकराला लागण झाली तर?" मी ओरडलोच. ती रडायला लागली, पण ऐकेना. मला तिचा राग आला आणि कीवही आली.

सासू गुडघे धरून उठली. "काढा फोटो. पोराच्या जोडीला मी जाते. काहून, मला ऊस तोडता येत न्हाई?"

सून जीपनं गेली. दिवस कलल्यावर फोटो घेऊन परतली. फुफ्फुसाच्या वरच्या बाजूला डाग होता. तेवढ्यात ट्रक दवाखान्यापुढच्या रस्त्यावर आला. म्हातारी मागे भांड्याकुंड्यांत बसलेली. सांगायला मी धावलो, तर तिनं हातानंच थांबवलं.

"डाग असो नसो साहेब, पोरगी थकून गेलीय. तिला इथंच राहू द्या. मी बसले."