बयाबाईची नजर

मळवलीच्या वरच्या वाडीतली बयाबाई तुंगार्लीच्या एका बंगल्यात भांडी घासायची. नवरा सावळा तापानं गेला, तेव्हापासून त्याचं एकुलतं भातखाचर तीच कसत होती. चुलतदीर कान्हूचा त्या खाचरावर डोळा होता. १९२६ च्या उन्हाळ्यात त्यानं देवळापुढं बसून सांगितलं, की बयाची नजर दुधाला लागते. ही थाप आहे हे वाडीत त्याच्या एकट्यालाच ठाऊक होतं.

आठ दिवसांत तीन घरांतलं दूध नासलं.

त्यातल्या दोन घरांची पायरी बया महिनाभरात चढली नव्हती. उलट ठार बहिऱ्या झुंबरबाईची म्हैस ती रोज स्वतः पिळायची, आणि त्या दुधावर बोटभर साय धरायची. म्हातारीच्या कानावर ती थाप गेलीच नव्हती. राखेनं पातेली घासता घासता बयाच्या ध्यानात आलं, की दूध आपल्या नजरेनं नासत नाही, मानणाऱ्यांच्या मनानं नासतं. ते आपल्याविषयी जे मानतील, तेच घडतं. हे कळल्यावर तर तिचा संताप मस्तकात गेला.

पंचांना तिनं हे सांगून पाहिलं. त्यांनी तिला वाडी सोडायला सांगितली आणि खाचर कान्हूच्या हवाली केलं. तेव्हा ती उभी राहिली.

"माज्या डोळ्यात काय बी न्हाई. पन हाय, असं तुमीच म्हनता ना? मग आयका. माज्या खाचरात जो लावणी करंल, त्याचा हात तितंच आखडंल."

तिला वाडीबाहेर काढायला मग कुणी धजलं नाही. कान्हू मात्र हसला. आषाढात त्यानं चिखलणी केली आणि लावणीला चार बायका आणल्या. रोपं चिखलात खोचताच त्यांची बोटं एकामागून एक वळली. त्यांत कान्हूची बायको विठाबाईही होती. कान्हू त्यांच्यावर खेकसला आणि स्वतः वाकला. दहा-बारा रोपं त्यानं नीट लावली. मग बांधावर बसलेल्या बायकोच्या हाताकडं पाहिलं, पुन्हा वाकला, आणि त्याची मूठ उघडेना.

संध्याकाळी तो बयाच्या दारात आला. तिनं त्याला देवळापुढं नेऊन सगळं खरं बोलायला लावलं. तो बोलला. लोकांना वाटलं, भिऊन बोलतोय बिचारा. कुणाचाच विश्वास बसला नाही.

"बया, येवढा हात सोड," विठाबाई रडत म्हणाली.

"मी धरलाय कुटं, विठा? तुमीच धरलाय."

तरी बायकांच्या हातांवर तिनं फुंकर घातली. हात सुटले. ते पाहून तिला आणखीच चीड आली. कान्हूला मात्र तिनं मिटल्या मुठीनं बांधावर बसवून ठेवलं. सहा दिवस एकटीनं लावणी केली. सातव्या दिवशी त्याच्या हातावर फुंकली, आणि जा म्हणाली.

पुढं वीस वर्षं तिनं ते खाचर कसलं. लोक फुंकर मागायला यायचे, पाया पडायचे. ती शिव्या देत फुंकायची आणि त्यांना बरं वाटायचं. वाडीतल्या लग्नाचं आवतण मात्र तिला मरेपर्यंत कुणी दिलं नाही.