साहेबांनी ठेवलेला पाट

"सरकार बोलतंय काय ते बघू नका ताई. सरकार घेतंय काय ते बघा."

असं म्हणताना काका उजव्या हाताची बोटं अंगठ्यावर घासायचे. माझ्या टायपिंग क्लासात बसलेल्या ठेकेदारांना ती पैशाची खूण वाटायची आणि ते एकमेकांकडे बघून हसायचे. पैसे कसले? बोटांत सुकलेली शाडूची माती असायची, ती झाडायची त्यांना सवय होती. माझ्या उंबऱ्यावर कायम पांढरट भुकटी पडलेली असायची. मी रोज कुरकुरत झाडायची.

रोह्याला माझा क्लास होता आणि समोर सरकारचं ऊर्जा कार्यालय. नव्वदनंतरची वर्षं होती. निर्धूर चुली, गोबर गॅस, सौर कंदील असलं काय काय तिथून गावोगाव वाटलं जायचं. तिथे माल पुरवणारे ठेकेदार टेंडरं टाइप करायला माझ्याकडे यायचे. सरकारी व्हरांड्यात तुम्ही कधी बसला असाल तर ही जात तुम्हाला ठाऊक असेल. चहा पाजतात, ताई ताई करतात, आणि कागद मात्र आत्ताच्या आत्ता पाहिजे.

काका त्यांच्यातले नव्हते. ते पेणचे, गणपती करणारे. आजोबांपासूनचा कारखाना. कारखाना म्हणजे कौलांची एक लांब पडवी. पेणमध्ये तेव्हा प्लास्टरचे मोठे कारखाने वाढत चालले होते. काकांचे गणपती शाडूचे, घरगुती, ओळखीच्या गिऱ्हाइकांचे. मुलाला त्यावर संसार दिसेना म्हणून तो रोह्याला औषधांच्या कंपनीत लागला होता. घर पेणलाच, पण शिफ्ट लागली की इथेच खोलीवर राहायचा. काका त्याला डबा द्यायला गाडीने यायचे आणि परतीच्या गाडीपर्यंत माझ्या पायरीवर बसून समोरच्या ऑफिसकडे बघत राहायचे.

आधी वाटलं, म्हाताऱ्याला उद्योग नाही. मग एक दिवस त्यांनी विचारलं, "ताई, त्या बोर्डावर इंग्रजीत काय लावलंय ते वाचून सांगाल काय?"

टेंडरची नोटीस होती. मी वाचून सांगितली. पुढच्या खेपेला दुसरी. मग पेपरातल्या जाहिराती आणू लागले. काय मागवलं, किती मागवलं, कधी मागवलं, एवढंच विचारायचे. दुसऱ्याने काय भाव भरला ते मी टाइप करते हे त्यांना माहीत होतं, पण त्याबद्दल कधी अवाक्षर नाही. एकदा मीच बोलता बोलता सांगायला गेले तर कानावर हात ठेवले. "नको. दुसऱ्याच्या मूर्तीवरचा कपडा आपण काढायचा नाय."

हे सगळं कशासाठी, ते मला पेणला कळलं. पापड आणायला गेले होते, तर काकांनी आग्रहाने पडवीत नेलं. भिंतीलगत एक फळी आणि फळीवर ओळीने मातीचे बारा गोळे. सरकारने ज्या महिन्यात जेवढं घेतलं तेवढा त्या महिन्याचा गोळा. पहिले अकरा सुपारीएवढे, लिंबाएवढे. बारावा नारळापेक्षा मोठा.

"हा मार्च," काका म्हणाले. "लंबोदर हाय बघा. वर्षभर उपास आणि मार्चात मोदक."

मी हसले. काकासुद्धा हसले, पण लगेच गंभीर झाले. त्यांचं म्हणणं असं होतं : सरकारला मार्चात चुली लागतातच, पैसे संपवायचे असतात. गणपतीचं खरं काम शिमग्यानंतर सुरू होतं. मधल्या थंडीच्या महिन्यांत पडवी रिकामी. त्या दिवसांत चुली केल्या तर पडवीला वर्षभर काम.

"वर्षभर काम झालं तर पोरगा येईल परत," ते म्हणाले. "तसा कबूल झालाय. तिथे औषधाच्या वाफेत उभा असतो. त्याचा हात मूर्तीचा हाय ताई. माझ्यापेक्षा बरे डोळे काढतो."

म्हणजे गोळे मार्चचे होते, पण जीव पोरात अडकला होता.

मी स्पष्ट बोलणारी बाई. म्हटलं, "काका, तिथे तीन कोटेशनं लागतात आणि तिन्ही एकाच पिशवीतून येतात. मीच टाइप करते. नाव वेगळं, सही वेगळी, माणूस एक."

काकांनी बोटं घासली. "एका घरात तीन गणपती? देव पण चालवून घेणार नाय. कधीतरी मोडेल ते."

आणि खरंच मोडेल असं मलाही वाटायला लागलं. कारण त्यांनी नमुन्याची चूल आणून ऑफिसात ठेवली, आणि ती बघायला साहेब उठून बाहेर आले. मातीत भाताचा तूस, लीद, आणि वर गणपतीच्या पोटावरून फिरवतात तसा पाण्याचा हात. इतकी गुळगुळीत की शिपाई म्हणाला, हिच्यावर भात शिजवायचा की हिला हार घालायचा? साहेब माणूस चांगला होता. दिवाळीनंतर जीपने पेणला जाऊन पडवी बघून आला. चुलीचं सरकारी माप असलेला लोखंडी साचा सोबत नेला होता. निघताना म्हणाला, "राहू दे इथेच. मार्चमध्ये बघू."

आता इथे काय झालं ते कोकणाबाहेरच्या माणसाला समजावून सांगायला हवं. आमच्याकडे गणपती सांगायचा तर घरचा पाट कारखान्यात नेऊन ठेवतात. पाट ठेवला की बोलणं संपलं. पावती नाही, सही नाही. त्या पाटावर मूर्ती बसणार म्हणजे बसणार, आणि तो माणूस ती न्यायला येणार म्हणजे येणार. काकांच्या तीन पिढ्यांत पाट ठेवून कोणी आलं नाही असं झालं नव्हतं.

साहेबांनी साचा ठेवला. काकांनी त्याला कुंकू लावलं.

थंडीभर त्यांनी चुली केल्या. मन लावून केल्या. पडवी भरली, घरापुढची ओटी भरली. शिमगा उलटला तेव्हा गणपती मांडायला जागाच नव्हती. वर्षानुवर्षांची गिऱ्हाइकं आगाऊ सांगायला आली, त्यांना हात जोडून म्हणाले, यंदा दुसरीकडे बघा. हे त्यांनी मला पायरीवर बसून सांगितलं.

"काका, कागद काय हाय तुमच्याकडे?" रागाने मीसुद्धा त्यांच्यासारखी बोलले.

"साचा हाय की," ते म्हणाले.

साहेबांची बदली झाली. असल्या बदल्या होतातच, त्यात कोणाचा दोष काढू? मार्च संपता संपता समोर टेम्पो लागला आणि त्यातून सिमेंटच्या चुली उतरल्या. कोटेशनं माझ्याच टेबलावरून गेली होती, तिन्ही. काका पायरीवर होते. टेम्पो पूर्ण रिकामा होईपर्यंत बोटांवर चुली मोजत राहिले. मग म्हणाले, "मार्च आला बघा. मी बोललो होतो, येतो म्हणून."

गोळा बरोबर होता हो. एवढंच की तो दुसऱ्याच्या पाटावर बसला.

पहिल्या सरी पडून गेल्यावर ते साचा घेऊन आले. गोणपाटात गुंडाळून, खांद्यावर, स्टेशनवरून चालत. ओल धरून चुली फुगल्या, तडकल्या, ते सांगितलं. मुलाने कंपनीत कायम होण्याच्या कागदावर सही केली, तेही सांगितलं. मी त्यांच्यासोबत ऑफिसात गेले. क्लार्कने साचा उलटसुलट केला. म्हणाला, "आजोबा, ह्याची आमच्याकडे नोंदच नाय. जे दिलंच नाय ते परत कसं घेऊ?"

"पण तुमचाच हाय."

"असेल. पण घेता येत नाय."

मी भांडले. माझा आवाज बाजारापर्यंत गेला असेल. काय उपयोग? काका मला म्हणाले, "चला ताई. पाट ठेवणाऱ्याने उचलायचा असतो. आपण कोण?" आणि गोणपाट परत खांद्यावर घेतलं. पाठमोरे काका एकदम लहान दिसले. मला रडू आलं. त्या ऑफिसचा मला आजही राग येतो.

श्रावण लागला तशी मी ठरवलं, यंदा आपला गणपती पेणचा. घरातले म्हणाले, रोह्यात काय कमी आहेत? मी ऐकलं नाही. पाट धुतला, पुसला, आणि गाडीने निघाले. वाटभर मनात म्हणत होते, एक तर एक. एका मूर्तीला बसले की हात सुटेल म्हाताऱ्याचा.

पडवीचं दार लोटलेलं होतं. सून बाहेर आली. माझ्या हातातला पाट बघितला आणि तिथेच खाली बसली.

"पंधरवडा झाला," ती म्हणाली. "आजार असा कायच नव्हता. जेवण सोडलं होतं. दारात बसून असायचे, कोण पाट घेऊन येतंय काय बघत. रस्त्याने कोणाच्या हातात पाट दिसला की उठून उभे राहायचे. माणूस पुढे निघून जायचा." मग पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "तुम्हीच पहिल्या आलात ताई."

पडवीत फुगलेल्या मातीचा ढीग होता. कोपऱ्यात साचा, त्यावर कुंकू तसंच. सून म्हणाली, "दुसऱ्याचा हाय म्हणून टाकवत नाय."

परतीच्या गाडीत मांडीवर पाट घेऊन बसले. निडी स्टेशनला एक म्हातारी चढली. पाट बघून तिने हात जोडले आणि अंग चोरून बसली, पाय लागू नये म्हणून.

"कोणाकडे सांगितलास गो गणपती?" तिने विचारलं.

"पेणला," मी म्हटलं, आणि रोहा येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.