शेळीची तिसरी चौकट

माझे सासरे भांडणात शेवटचा शब्द कधीच बोलले नाहीत. समोरच्याचं सगळं ऐकून घ्यायचे आणि मग मान किंचित तिरकी करून नुसते बघत राहायचे. लग्न होऊन वसईच्या वाडीत आले तेव्हा मला वाटलं, अण्णांना कमी ऐकू येतं. नवरा म्हणाला, "तिसरी चौकट आहे ती. सवय होईल."

सकाळच्या पेपरात तेव्हा 'शिंपी आणि शेळी' हे कार्टून यायचं. पहिल्या चौकटीत गिऱ्हाईक कुरकुरायचं, दुसरीत शिंपी बढाई मारायचा, तिसरीत गळ्यात मोजपट्टी अडकवलेली त्याची शेळी मान तिरकी करून आपल्याकडे बघायची. ती कधी बोलायची नाही. माणिकपूरच्या रिक्षा स्टँडवर कुणी फार फुशारक्या मारू लागला की बाकीचे म्हणायचे, "जरा जपून, शेळी बघतेय."

आमच्या घरात मात्र हे कार्टून बघायचं नसे, ऐकायचं असे. सकाळी सासूबाईंचे हात मोगऱ्याच्या कळ्या ओवण्यात गुंतलेले. अण्णा समोरच्या बाकावर पेपर धरून सुरू करायचे, "पहिली चौकट." दोन चौकटी सांगायचे, तिसरी करून दाखवायचे. तेवढ्यापुरत्या आई सुतावरून मान वर करायच्या. सकाळभरात त्यांचे हात थांबत ते त्या एकाच वेळी.

एकदा वाडी विकत मागायला एक बिल्डर आला. लिफ्ट देतो, पार्किंग देतो म्हणाला. मोगरा उपटून वर बागही देणार होता. अण्णांनी सगळं ऐकलं आणि तिसरी चौकट दिली. तो बिचारा आणखी थोडा वेळ बोलला, अडखळला, चहा संपवून निघून गेला. आई म्हणाल्या, "आज शेळीने वाडी राखली."

पुढे काचबिंदूने अण्णांची नजर गेली आणि पेपर माझ्याकडे आला. मला ऑफिस गाठायचं असायचं, मी भराभरा वाचून मोकळी व्हायचे. "बातम्या वाचतेस गो," अण्णा म्हणायचे. "दोन चौकटींच्या मध्ये भिंत असते. तिथे थांबावं."

ते पडले आणि अंथरुणाला खिळले त्याच पावसाळ्यात पेपरात चार ओळी आल्या. चित्रकाराचा हात आता चालत नाही, कार्टून बंद होत आहे. अण्णांचं जेवण सुटलं होतं, बोलणं कमी झालं होतं. सकाळी कार्टून ऐकायला तेवढे उशीला टेकून उठून बसायचे. मी त्या चार ओळी मनात वाचल्या, पेपरची घडी केली आणि म्हणाले, "पहिली चौकट. गिऱ्हाईक म्हणतंय, बाह्या आखूड झाल्या. दुसरी. शिंपी म्हणतो, बाह्या बरोबर आहेत, तुमचे हात वाढले."

अण्णा हसले. मग मला रोज एक रचावं लागलं. भाजी चिरता चिरता रचायचे. एका सकाळी घाई होती, सुचेना, म्हणून शेळीच्याच तोंडी एक वाक्य घातलं.

अण्णांनी तोंड आईंकडे वळवलं. म्हणाले, "चित्रकार बदललाय. शेळीला बोलायला लावतो." मी पेपरची घडी घट्ट धरून उभी. "नवा दिसतोय," ते म्हणाले. "चालू दे त्याचं. शिकेल."

मी आत जाऊन कुकर लावला.

शेवटी छातीत कफ झाला, हॉस्पिटलात न्यावं लागलं. तिथे ते कुणाशीच बोलेनात. सकाळी मी कानाशी वाकून दोन चौकटी सांगितल्या, मध्ये थांबूनही. त्यांनी उशीवरच मान जराशी तिरकी केली आणि न दिसणाऱ्या डोळ्यांनी माझ्या दिशेला बघत राहिले. दुपारी गेले.

तेरावं होईपर्यंत कुणी कळ्या खुडल्या नाहीत. मोगरा झाडावरच उमलायचा आणि मातीत पडायचा. त्यानंतरच्या सकाळी आई टोपली घेऊन ओट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "सांग गो."

"पेपर बंद केलाय, आई."

"पेपर कुणी मागितलाय?"

म्हणजे त्यांनाही सगळं ठाऊक होतं. मी उंबऱ्यात उभ्या उभ्या सांगितलं. पहिली चौकट. थांबले. दुसरी. मग आईंनी सवयीने मान वर केली आणि समोरच्या रिकाम्या बाकाकडे बघितलं. त्यांचे हात थांबले होते.

ऑफिसला उशीर होत होता. मी पर्स खाली ठेवली, त्या बाकावर जाऊन बसले आणि मान तिरकी केली.