आपली ख्रिसमस

डिसेंबर महिना माझ्या बायकोच्या मामांइतका मनाला लावून घेतलेला माणूस अख्ख्या नागपुरात दुसरा झाला नसेल. बर्डीच्या बाजारात त्यांचं स्वेटरचं दुकान होतं, आणि स्वेटरवाल्याचं पोट थंडीवर असतं, हे कबूल. पण थंडी पडायची लांबली की हा गृहस्थ तो स्वतःचा अपमान समजायचा. हिवाळी अधिवेशनाला मुंबईहून येणारे कारकून इथे उतरताच कुडकुडतात आणि बर्डी गाठतात, म्हणून मामाजींना सरकारबद्दल नितांत आदर. मग सरकार कुणाचंही असो.

पुढे शहरात मॉल आले आणि स्वेटर खपायला नुसती थंडी पुरेना, नाताळही लागू लागला. दिवाळीचे आकाशकंदील उतरतात न उतरतात तोच तिथे दोन मजली झाड, घंटांची गाणी, एकावर दोन फुकट आणि सगळीकडे कापसाचा बर्फ. विदर्भातल्या माणसाने कापूस बर्फ म्हणून पाहायचा, हे माझ्या काही पचनी पडलं नाही. मामाजींच्या लगेच पडलं. "जावईबापू, गिऱ्हाईक तिकडं काहून जाऊन राहिलं? तिथं सण आहे. आपल्या इथं नुसते स्वेटर!"

त्यांनी पेंटर बोलावला. त्याने दुकानाच्या काचेवर झोकात 'मेरी ख्रिसमस' लिहिलं आणि मामाजी भडकले. "मेरी काहून गा? तुही एकट्याची आहे काय? सगळ्याइची आहे. पूस ते. आपली लिव!" ते इंग्रजी आहे, मेरी म्हणजे आनंदी, असं मी समजावून पाहिलं. "नागपुरात राहून मले हिंदी शिकवता काय?" म्हणाले. तेव्हापासून दर डिसेंबरला काचेवर लाल रंगात 'आपली ख्रिसमस' झळकायची. येणारेजाणारे हसायचे, फोटो काढायचे आणि स्वेटर घ्यायला मॉलमध्ये जायचे.

मामाजी हटले नाहीत. ते स्वतःच सांताक्लॉज झाले. अंगावर मांस नावाला नाही, मिशा काळ्याभोर आणि त्या उतरवायला साफ नकार. त्यामुळे पांढरी दाढी त्या मिशांच्या खाली बांधलेली. चॉकलेट महाग आणि संक्रांत काही फार लांब नाही, म्हणून पोराटोरांना तिळगूळ. गोड बोला, असं बजावणारा सांताक्लॉज जगात तेवढा एकच. गल्ल्यावर मामीजी लाल लोकरीच्या टोप्या विणत बसायच्या; एका स्वेटरवर एक टोपी फुकट. एकदा संध्याकाळपर्यंत कुणीच फिरकलं नाही, तेव्हा मामाजींनी तिळगुळाचा डबा त्यांच्यापुढे धरला. "तू तरी घे वं. गोड बोल."

"जलमभर गोडच बोलली न जी मी," मामीजी म्हणाल्या आणि विणत राहिल्या.

दुकान मोबाईलवाल्याला भाड्याने द्या, असा त्यांच्या मुलाचा दरवर्षीचा लकडा. मीही एकदा त्याची री ओढली. आकडे मामाजींनाही कळत होते. त्यांनी गल्ल्यावरच्या मामीजींकडे पाहिलं आणि आवाज उतरवून म्हणाले, "मंग हे दिवसभर कुठं बसन?"

गेल्या उन्हाळ्यात मामीजी साध्या तापाचं निमित्त होऊन गेल्या. डिसेंबरात मी बर्डीवर गेलो तो दुकान बंदच असेल असं धरून. दुकान उघडं होतं. दाढी नव्हती, तिळगूळ नव्हता. मामाजी स्टुलावर चढून स्वतःच काच रंगवत होते, आणि काचेवर लिहिलं होतं, 'मेरी ख्रिसमस'.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "मामाजी, शेवटी बरोबर लिहिलंत."

"हो न जी," ते म्हणाले. "आता माही एकट्याचीच राहिली."

मी समोर टांगलेला पहिला स्वेटर काढला. तो मला आखूड होता. तरी मी बांधून मागितला. गल्ल्यावर मामीजींच्या हातची एकच लाल टोपी उरली होती. मामाजींनी ती उचलली, जरा वेळ हातात धरली आणि होती तिथे परत ठेवली. मीही मागितली नाही.