गच्चीवरचं गरम सँडविच

सोमवारी सकाळी विहीणबाईंचा फोन आला. "दादा, हे गेले," त्या म्हणाल्या. मी भोकरदनहून बस धरली आणि जालन्याला पोचलो. दुपारी त्यांना नेलं. मुलगा आणि सून तिसऱ्या दिवशी आले. ती सून म्हणजे माझी मुलगी, आणि गेले ते माझे व्याही.

याला आता चार महिने झाले. मी आयुष्यभर एका कॉलेजात ग्रंथपाल होतो, त्यामुळे माणसं मला पुस्तकांच्या मानाने थोडी उशिराच कळतात. पण एक विधान मी न कचरता करू शकतो. स्वतःच्या हाताने करून पाहिल्याशिवाय कशाबद्दलही मत द्यायचं नाही, हा नियम पाळून सत्तर वर्षं जगलेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही, आणि माझ्या वाचनातही तो आलेला नाही. आपण सगळे मतांवर जगतो. व्याही प्रश्नांवर जगले. त्यांना सकाळी चहा दिला तर चहाबद्दल प्रश्न, नाही दिला तर न दिल्याबद्दल प्रश्न. एकदा त्यांनी आठ दिवस बिनसाखरेचा चहा घेतला. साखरेचा आजार झाला की काय म्हणून आम्ही घाबरलो, तर म्हणाले, "न्हाई हो इवाई, कितव्या दिवशी जिभेला याद राहत न्हाई, ते पाहून राह्यलो." इवाई म्हणजे व्याही. मी त्यांना प्रमाण मराठीत व्याही म्हणायचो, ते मला इवाई म्हणायचे, आणि या एका बाबतीत आम्ही शेवटपर्यंत एकमेकांना सुधारलं नाही.

ते जालन्याच्या एका रोलिंग मिलमध्ये भट्टीवर होते. तापलेल्या लोखंडाच्या नुसत्या रंगावरून ते किती तापलंय हे ते सांगत, आणि मीटर नंतर तेच सांगे. त्यामुळे निवृत्तीनंतरही जगातली प्रत्येक वस्तू त्यांना कुठल्या तरी भट्टीतून आताच बाहेर आल्यासारखी वाटायची. आमच्या मुलांच्या लग्नात अंतरपाट धरला, भटजींनी सूर लावला, अक्षता वाटून झाल्या, आणि नवरदेवाचे वडील सापडेनात. ते मागे आचाऱ्यापाशी होते. जिलबीचा पाक आत जातो कुठून, हे पाहण्यासाठी त्यांनी एक जिलबी पात्याने उभी चिरली होती आणि उजेडात धरली होती. मी बोलवायला गेलो तर मलाच म्हणाले, "हे बघा, नळी हाय आत! पुस्तकात हाय का हे कुठं?" पुढे त्यांना रक्तदाबाचा त्रास निघाला तेव्हा त्यांनी डॉक्टरांचं यंत्र समजून घेतलं, ते डॉक्टरांच्याच दंडाला बांधलं आणि मोजलं. डॉक्टरांचा आकडा यांच्यापेक्षा जास्त निघाला. "बराबर हाय," व्याही म्हणाले, "मंग गोळी दोघं बी घेऊ." डॉक्टरांनी खरोखर घेतली, असं ऐकलं.

अशा माणसाच्या घरात भांडण होणं अवघड असतं, कारण भांडायला मत लागतं. तरी त्या घरात अकरा महिने अबोला चालला, आणि तो मायलेकांचा होता.

जावई आणि माझी मुलगी बर्फ पडणाऱ्या एका गावी राहतात. जावयांनी एकदा फोनवर आईला सहज सांगितलं, की थंडी फार असली की कामावरून येताना ते कोपऱ्यावरच्या दुकानातून एक सँडविच घेतात. तव्यावर परतलेलं पातळ मांस, कांदा, वर वितळलेलं चीज, आणि ते सगळं लांबट पावात, गरम गरम. विहीणबाई खूश झाल्या. लेकराच्या पोटात ऊन ऊन काही जातंय, एवढंच त्यांनी ऐकलं होतं. मग त्यांनी विचारलं, "मटणाचं असतं का रे?" जावई वडिलांचेच चिरंजीव. विचारलेल्या प्रश्नाला नेमकं उत्तर द्यायचं, एवढंच त्यांना माहीत. "न्हाई आई," ते म्हणाले, "गाईचं असतं."

विहीणबाईंनी फोन नवऱ्याच्या हातात दिला आणि त्या आत निघून गेल्या. त्यांच्या माहेरी पहिली भाकरी दारच्या गाईला जायची, मग माणसं जेवायची. त्या स्वतः मांसाहार करत नाहीत. त्यानंतर त्या माझ्या मुलीशी पूर्वीसारखंच बोलत, पण मागून जावयांचा आवाज आला की "कुकर लावलाय" म्हणून फोन ठेवत. मुलगी मला म्हणाली, "बाबा, त्या घरात दोनच माणसं आहेत, पण कुकर एखाद्या वसतिगृहाएवढे लागतात." ती हसत बोलली, पण तिचा आवाज मला कळतो. त्या वर्षी मुलीने आणि जावयांनी दिवाळीला येणं रद्द केलं. आई बोलत नसेल तर घरी येऊन बसायचं कुठे, असं जावयांचं म्हणणं होतं.

व्याही एक दिवस बसने थेट भोकरदनला माझ्याकडे आले. चपला काढता काढताच म्हणाले, "इवाई, ती बी चुकली न्हाई, अन् त्यो बी खोटं बोलला न्हाई. मंग अडलंय कुठं, तेच समजून न्हाई राह्यलं. आधी करून पाहू."

"काय करून पाहू?"

"सँडविच."

मी दचकलो. ते म्हणाले, "काही बी काय मनात आणता! जनावर आपलं, बकऱ्याचं. रीत त्याची. पोरगं काय खातं तेच ठावं न्हाई, अन् घरात राग धरून बसायचा, हे बिलकुल बरोबर न्हाई."

त्यांच्या घरी मटण गच्चीवर शिजतं. तिथे वेगळी चूल, वेगळी भांडी, आणि त्या दिवशी विहीणबाई जिन्याची पायरीही चढत नाहीत. ते भांडं खाली येत नाही, खालचं वर जात नाही. त्यामुळे आमचा प्रयोग गच्चीवरच व्हायचा होता. त्या सँडविचला तिकडे चीज-स्टेक म्हणतात, म्हणून माझं काम शब्दकोश पाहण्याचं होतं. मी पाहून सांगितलं, की स्टेक म्हणजे मांसाचा जाड काप. "मंग पातळ कापल्यावर बी त्याला स्टेकच का म्हनतात?" व्याह्यांनी विचारलं. मी कोश पुन्हा उघडला. माझ्या चाळीस वर्षांच्या नोकरीकडे त्यांनी फार करुणेने पाहिलं.

पहिल्या रविवारी आम्ही मटणाच्या दुकानात गेलो. दुकानवाले चाचा व्याह्यांना वीस वर्षं ओळखत होते. कागदासारखे पातळ काप हवेत म्हटल्यावर त्यांनी सत्तूर खाली ठेवला. "साब, ये मटन है, पतंग का कागज नै." मग बिनहाडाचा अख्खा तुकडा मागितला, तर त्यांनी माझ्याकडे वळून काळजीने विचारलं, "बिना हड्डी का ले जाते, फिर घर में झगडा नै होता?" व्याही म्हणाले, "झगडा पैलेच हो गया चाचा, अब ये ले जारे." चाचांना ते पटलं. त्यांनी मांडीचा तुकडा काढून दिला.

ताजं मटण पातळ कापलं जात नाही, सुरीखाली लोळतं. ते आधी थोडं गोठवावं लागतं. घरच्या फ्रिजचं नावही काढायची सोय नव्हती. मग व्याह्यांनी माळ्यावरून आइस्क्रीमचा जुना लाकडी पॉट काढला, त्यात बर्फ आणि जाडं मीठ भरलं, मधल्या डब्यात मटण ठेवलं आणि मला दांडा फिरवायला बसवलं. मी वीस मिनिटं फिरवला. मग मला शंका आली, की फिरवायची गरज दुधाला असते, मटणाला कशाला? व्याही विचारात पडले. "तुमचं बराबर हाय," ते म्हणाले, "पण आता सुरू केलंय तर होऊ द्या, फरक पडतो का ते दिसंल." फरक पडला. माझा खांदा आठवडाभर धरला होता. पण लोखंड कापायच्या पात्यापासून त्यांनी स्वतः घासून केलेल्या सुरीने काप निघाले ते इतके पातळ, की त्यांतून पलीकडची टाकी दिसावी.

चीज त्यांनी आधी घरीच केलं. दूध लिंबाने नासवून बांधून ठेवलं आणि तव्यावर टाकलं. ते वितळेना. खालून भाजलं, वरून भाजलं, बाजूने भाजलं, ते आपलं चुन्याच्या खड्यासारखं बसून राहिलं. व्याही आनंदाने त्याच्याभोवती फिरले. पोलाद वितळवलेल्या माणसासमोर एक पनीर ताठ उभं होतं, आणि त्यांना त्याचं कौतुक वाटत होतं. दुसऱ्या रविवारी आम्ही पाकिटातल्या चकत्या आणल्या. पहिली चकती मी टाकली आणि ती फार सुंदर चुरमडली, कारण मी तिच्यावरचं प्लास्टिक काढलं नव्हतं. लांबट पावासाठी बेकरीवाल्याला सांगितलं, तर तो म्हणाला, चार पावांसाठी भट्टी लावता येत नाही, अख्खा ट्रे घ्यावा लागेल. पुढचे दोन दिवस गल्लीतली सगळी घरं चहाबरोबर हातभर लांब पाव खात होती.

तिसऱ्या रविवारी सगळं जुळलं होतं. फक्त कांदा जुळत नव्हता. व्याह्यांना तवा लाल झाल्याशिवाय तापला असं वाटतच नसे. कांदा पडायचा, काळा व्हायचा आणि धूर व्हायचा. तीन कांदे असे गेले. चौथा चालू असताना जिन्यात पावलं वाजली. विहीणबाई वर आल्या आणि शेवटच्या पायरीवर थांबल्या. पदर नाकाला लावलेला होता.

"काय जाळून राह्यले?"

"कांदा," व्याही म्हणाले.

"त्यो काय कांदा हाय? आणा इकडं."

चिरलेला कच्चा कांदा त्यांनी हात लांब करून कागदावर घेतला आणि त्या खाली गेल्या. आम्ही दोघं तव्यावरचा जळका कांदा खरवडत बसलो. अर्ध्या तासाने त्या वाटी घेऊन आल्या. कांदा मऊ, मधासारख्या रंगाचा, गोडसर वासाचा. "आधी मीठ टाकायचं असतं. पानी सुटतं. मंग बारीक आचेवर," त्या म्हणाल्या. "अन् वाटी तव्याला लावायची न्हाई. वरून टाका. वाटी मला परत पाहिजे." व्याह्यांनी हात उंच धरून कांदा तव्यात सोडला. निम्मा तव्यात पडला, निम्मा गच्चीवर.

काप टाकले, ते दोन मिनिटांत रंगले. वर चीज, वर झाकण. झाकण काढलं तेव्हा चीज सगळीकडे उतरलं होतं. ते पावात भरून व्याह्यांनी मुलाला व्हिडिओ कॉल लावला. जावई ते पाहून खो खो हसले. "अप्पा, हे काय केलं? हे तर लई मोठं झालं!" मागे माझी मुलगी तोंडावर हात धरून उभी होती. मग जावई म्हणाले, "पण कांदा एकदम बरोबर जमलाय. इथं पण असा मिळत नाही."

पायरीवर वाटीसाठी थांबलेल्या विहीणबाई नवऱ्याकडे पाहत म्हणाल्या, "त्याला विचारा, तिकडं कांदा कोण भाजून देतं."

मग फोनमधून आवाज आला, "दुकानवाला देतो, आई."

"त्याला म्हनावं, कच्चा खाऊ नको. तुला बाधतो." पहिलं वाक्य त्या नवऱ्याला सांगत होत्या, पण दुसरं सरळ मुलाला गेलं. मग त्या एक पायरी वर आल्या. "अन् ते बाकीचं मला सांगू नको. माझ्यानं ऐकवत न्हाई."

"न्हाई सांगत, आई."

"आवाज बसलाय तुझा. थंडी हाय का?"

व्याह्यांनी फोन त्यांच्या हातात दिला. त्या तिथेच, चढायच्या नाहीत अशा गच्चीच्या उंबऱ्यावर बसल्या आणि बोलू लागल्या. बऱ्याच वेळाने त्यांनी गाईचा विषय काढला, पण तो जावयांच्या लहानपणी घरी असलेल्या गाईचा होता.

मी व्याह्यांकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा माणूस विचारणार, की अकरा महिने अडलेलं कांद्याने कसं सुटलं? पण त्यांनी काही विचारलं नाही. सँडविच हातात धरून ते उभे राहिले, आणि त्यावरचं चीज गार होऊन घट्ट होईपर्यंत तसेच उभे होते. मग त्यांनी अर्धं मला दिलं. खरं सांगायचं तर मटण चिवट झालं होतं. मी म्हणालो, "चांगलं झालंय."

"चांगलं म्हंजी कसं?" त्यांनी विचारलं, आणि मला बरं वाटलं.

पुढच्या दिवाळीला मुलं आली. विहीणबाईंनी जावयांचं मत बदललं नाही आणि स्वतःचंही बदलू दिलं नाही. व्याह्यांनी ते सँडविच पुन्हा कधी केलं नाही. त्याबद्दल विचारलं तर म्हणायचे, "कळलं ना." त्यानंतर त्यांना दोन वर्षं मिळाली. त्यांतलं बरंचसं त्यांनी ताक घुसळताना लोणी नेमकं कधी वर येतं, हे पाहण्यात घालवलं.

आता विहीणबाई त्या घरात एकट्या असतात. मी महिन्यातून एकदा जातो. दर रविवारी सकाळी मुलाचा फोन येतो आणि मायलेक अर्धा-पाऊण तास बोलतात. मी असलो, तर पलीकडे पेपर वाचत बसतो.