दिवस बुडायच्या आत एक फोटो

परदेशाहून माणसं चॉकलेटं आणतात. मी नुसती फजिती आणली. आणि फजितीचं एक बरं असतं बघा, कितीही वाटली तरी संपत न्हाय! निपाणीत माझं हार्डवेअरचं दुकान. पाव किलो खिळे न्यायला आलेलं गिऱ्हाईकसुद्धा आता आधी म्हणतं, "सुकुमारअण्णा, ते स्वित्झर्लंडचं सांगा की!" म्हणून एकदाचं सगळं सांगून टाकतो. कारण मी न्हाय सांगितलं तर आमची पद्मा सांगती, आणि तिच्या सांगण्यात मी आणखी बावळट असतो.

* * *

जायच्या आठ दिवस आधी पद्मानं फोटोची एक चौकट आणली आणि हॉलमध्ये टीव्हीच्या वर टांगली. खिळा माझ्या दुकानातला, ठोकला तिनं. चौकटीत दुकानातून येतो तसा कुठल्यातरी गोऱ्यापान जोडप्याचा हसरा फोटो.

"हे कोण गं?"

"कोण का असंनात. तोवर राहूद्यात. आल्यावर इथं आपला दोघांचा फोटो लागला पाहिजे."

तिचं खरं होतं. लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण दोघांचाच असा एक फोटो घरात न्हाय. लग्नाच्या अल्बमात प्रत्येक पानावर आमचे थोरले काका मधे उभे. पुढं मी कॅमेरा घेतला आणि तो दुसऱ्या कुणाच्या हातात म्हणून दिला न्हाय. त्यामुळं पद्मा सगळीकडं एकटीच. श्रवणबेळगोळात एकटी, गोव्यात एकटी. आमच्या नातीनं एकदा विचारलं होतं, "आज्जी, तू फिरायला आजोबांना नेत नव्हतीस?"

"एकच फोटो, अहो. जास्त मागत न्हाय," पद्मा म्हणाली.

"एक काय घेऊन बसलीस, शंभर काढू!" असली वाक्यं मी झटक्यात बोलतो आणि मग वर्षानुवर्षं ऐकून घेतो.

* * *

टूरवाल्यांनी फोनवर बजावलं होतं, बॅगा सगळ्यांच्या सारख्याच दिसतात, ओळखायला खूण करा. लोक रिबीन बांधतात. मी पडलो हार्डवेअरवाला! निघायच्या दिवशी सकाळी ब्रश घेतला आणि दोन्ही बॅगांवर रेड ऑक्साइडनं, म्हणजे लोखंडाला मारतात त्या तांबड्या रंगानं, 'निपाणी' असं हातभर लिहिलं.

"वाळंल का हो?" पद्मानं विचारलं.

"वाळतंय की! तीस वर्षं रंग विकतोय मी!"

हवा दमट होती आणि थर जरा जाड झाला होता, एवढंच. बेळगावच्या सांबरा विमानतळावरनं मुंबईला गेलो, तिथं पुण्या-मुंबईचा ग्रुप भेटला, बॅगा एकावर एक रचल्या गेल्या. झुरिकला पट्टा फिरायला लागला आणि एकेक बॅग बाहेर आली. सगळ्या तांबड्या! पुण्याच्या एका बाईंच्या पांढऱ्याशुभ्र बॅगेवर तर उलट्या अक्षरांत अख्खं गाव उमटलं होतं.

बाईंनी चष्मा लावून ते कष्टानं वाचलं आणि मोठ्यानं विचारलं, "निपाणी कोण आहे इथे?"

त्या दिवसापासून ग्रुपात माझं नाव 'निपाणी'च पडलं.

* * *

आम्ही जैन माणसं. दिवस बुडायच्या आत जेवणार, नंतर तोंडात काही न्हाय. इकडं साडेसहाला ताट वाढून मोकळं व्हायची सवय. तिकडं जूनमध्ये नऊ वाजले तरी सूर्य आपला खिडकीत बसलेला!

पहिल्या दिवशी सहाला ग्रुपबरोबर जेवलो. साडेसातला बघितलं, ऊन हाय. म्हटलं, दिवस बुडाला न्हाय म्हणजे नियम मोडत न्हाय. घरची कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढली. साडेआठला अजून उजेड, मग पोळी-लोणचं. सव्वानऊला पद्मानं डबाच काढून घेतला.

"अहो, त्या सूर्याला न्हाय, निदान पोटाला तरी विचारा!"

पोटानं उत्तर दुसऱ्या दिवशी दिलं. बर्फाच्या डोंगरावर ग्रुप दोन तास नाचत होता आणि मी दोन्ही तास तिथल्या संडासात होतो. अकरा हजार फुटांवर जाऊन मी बघितलं काय, तर पांढऱ्या टाइल्स. पुण्याच्या बाईंनी आमच्या फोनवर पद्माचा फोटो काढला, मागं बर्फ, डोक्यावर स्वेटरची टोपी. पुन्हा एकटीच.

* * *

चारचौघांत घरचं बोलायचं झालं की आम्ही कानडीवर जातो. पद्माचं माहेर चिकोडीकडचं, तिची कानडी माझ्यापेक्षा तिखट. निपाणीत याचा काडीचा उपयोग न्हाय, शेजाऱ्यापाजाऱ्यांना सगळं कळतं. पण युरोपात, असल्या ग्रुपात, कोण समजणार? बसमध्ये शेवटच्या सीटवर बसून आम्ही मनसोक्त बोललो. आमचा टूर मॅनेजर किरण दर थांब्याला मेंढरं मोजल्यागत माणसं मोजायचा. त्याच्या मोजण्यावर बोललो. त्याच्या डाय केलेल्या काळ्याकुट्ट केसांवर तर मी रोज काहीतरी नवीन बोलायचो.

चौथ्या दिवशी तो माणसं मोजत आमच्यापाशी आला, वाकला आणि स्वच्छ कानडीत म्हणाला, "काका, मग केसाला कुठला रंग लावू? तुमचा रेड ऑक्साइड?"

धारवाडचा निघाला गडी! चार दिवस सगळं ऐकत होता. मी खिडकीबाहेरच्या गाई बघायला लागलो. मग एकदम आठवलं, पद्मा रोज संध्याकाळी बसमध्ये कानडीत काय म्हणायची: "आजपण झाला न्हाय. या माणसाबरोबर एक फोटो काही माझ्या नशिबात न्हाय." ते तर केसांपेक्षा वाईट होतं. मला लाज वाटली, खरंच.

* * *

म्हणून दुसऱ्याच दिवशी एका लाकडी पुलावर मी एका उंच गोऱ्या माणसाला गाठलं आणि फोन त्याच्या हातात दिला. पण आपलं काम दुसऱ्यानं केलेलं मला बघवत न्हाय. जाऊन त्याचा हात सरळ केला. परत आलो. मग त्याला दोन पावलं मागं केलं. मग बोट कुठं दाबायचं ते दाखवलं. बिचारा सोसून क्लिक करत होता.

फोटो निघाले चौदा. तेरा फोटोंत पद्मा पुलावर हसत उभी. मी नऊ फोटोंत पाठमोरा, चार फोटोंत अंगावर धावून येतोय. शेवटच्यात फक्त माझा तळहात होता.

* * *

राहिला शेवटचा दिवस. संध्याकाळी तळ्यात बोटीची फेरी. म्हटलं, आता कुणाच्या बापाची मदत नको. सगळे सेल्फी स्टिक घेऊन फिरत होते. मी घरूनच माझी करून नेली होती, अर्धा इंची पीव्हीसी पाइप आणि पुढं फोन आवळून धरायला नळीची होज क्लिप. एअरपोर्टवर तीनदा तपासली होती ती!

"पद्मा, ये अशी जवळ. डोंगर मागं, आपण पुढं. हास!"

ती हसली. मीपण हसलो. पाइप कठड्याबाहेर धरला आणि क्लिप सटकली. डुबुक्!

फोनबरोबर सगळे फोटो गेले. बर्फातली पद्मा गेली, पुलावरची पद्मा गेली. तिचा फोन मीच घरी ठेवायला लावला होता, 'दोन-दोन कशाला' म्हणून. माझ्या हातात नुसता पाइप राहिला.

चाळीस वर्षांत लई बोलणी खाल्ली मी, पण पद्मा गप्प बसलेली बघवेना. बोट काठाला लागली, आम्ही पायऱ्यांवर बसलो. ती तळ्याकडं तोंड करून. "चुकलो गं," म्हणालो. सूर्य डोंगराला टेकायला आला. तेव्हा तिनं पिशवीतनं भाकरी काढली, चटणी लावून तुकडा मोडला आणि माझ्याकडं न बघताच हात पुढं केला.

"खावा. दिवस बुडतोय."

निपाणीला आलो. चौकटीत ते गोरं जोडपं अजून हसतच होतं. पद्मानं एकदा तिकडं बघितलं आणि चहा टाकायला गेली. चार दिवस मी टीव्हीच लावला न्हाय, वर बघायला नको म्हणून.

पाचव्या दिवशी पद्माच्या फोनवर किरणचा मेसेज आला. तळ्याकाठच्या पायऱ्या. फुगलेली पद्मा तिकडं तोंड करून, हात इकडं. आणि त्या हातातल्या भाकरीसाठी आ वासून मी, मांडीवर पाइप. आम्ही दोघं, मधे कुणी न्हाय. खाली त्यानं लिहिलं होतं, "काकू, मला कानडी समजते."

पद्मानं त्याच दिवशी फोटो मोठा करून आणला आणि चौकटीत बसवला. मी म्हणालो, "अगं, हा नको लावूस! तोंड बघ माझं, केवढं उघडं हाय!"

ती दोन पावलं मागं सरली. चौकट सरळ हाय का बघितलं, डोळ्याला पदर लावला.

"असूद्या तसंच," म्हणाली. "चाळीस वर्षांत पहिल्यांदा तुमचं तोंड उघडं हाय आणि आवाज येत न्हाय!"