छायाचं नाक

दर शनिवारी संध्याकाळी दुबईच्या इंटरनॅशनल सिटीतल्या त्या फ्लॅटमध्ये चार मित्र जमायचे, पहिला घोट घ्यायचे आणि गुणवंतच्या हाताची तारीफ करायचे. गुणवंत नको नको म्हणत सगळी तारीफ पदरात पाडून घ्यायचा. आत भजी तळणाऱ्या छायाला कधी हसू यायचं, कधी राग. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो तिच्या घरात, तिच्याच सोफ्यावर बसलेला असायचा.

दारू गाळायची ती छायाच्या आईने लग्नात दिलेल्या तांब्याच्या हंड्यात. इतकी वर्षं तो हॉलच्या कोपऱ्यात शोभेला होता. एसी चिलरच्या कंपनीत इंजिनिअर असलेल्या गुणवंतने लॉकडाऊनमध्ये व्हिडिओ बघितले आणि हंडा उचलून शारजाच्या औद्योगिक भागातल्या एका वर्कशॉपमध्ये नेला. गुलाबपाणी काढायचंय असं सांगून त्याला घट्ट झाकण आणि वेटोळी नळी बसवून आणली. छायाला विचारायचं त्याला सुचलंही नाही. खजूर आणि गूळ आंबवायचा, हंड्यात उकळायचा, नळीतून पडेल ते थेंब थेंब धरायचं. मग ड्रॅगन मार्टमधल्या फर्निचरवाल्याकडून आणलेल्या ओक लाकडाच्या पट्ट्या गॅसवर भाजून लोणच्याच्या बरण्यांत टाकायच्या आणि त्यात ते महिनोन् महिने मुरवायचं. पॉलिश लागलेली पट्टी छायाच लांबून वासाने ओळखायची.

कारण गुणवंतला वासच येत नसे. सायनसने त्याचं नाक लहानपणीच गेलं होतं. आणि गाळणं हे तर नाकाचं काम. सुरुवातीचे थेंब वाईट, त्यांना नेलपॉलिश पुसायच्या औषधाचा वास मारतो. मग गोडसर वास येतो, ती धार धरायची. शेवटी ओल्या पोतेऱ्याचा वास सुटला की थांबायचं. छाया स्टुलावर बसून नळीच्या टोकाशी वाकायची आणि "आता" म्हणायची, की गुणवंत भांडं बदलायचा. त्याचा मित्र सुजीत दर वेळी पहिल्या धारेची मागायचा, आपल्याकडे तीच भारी समजतात ना. छाया ती मुकाट्याने संडासात ओतून यायची. तिने स्वतः जन्मात थेंब चाखला नव्हता. खिडक्या बंद करायच्या, दाराबाहेर धूप लावायचा आणि बेल वाजली की आधी दाराच्या भोकातून बघायचं, एवढंच तिच्या वाट्याला. पकडले गेलो तर तुरुंग आणि मग थेट विमान, हे तिने नवऱ्याला शंभरदा सांगितलं होतं.

दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या सुमारास गुणवंतने हंड्याच्या झाकणात थर्मामीटर बसवून आणला. सेफ्टीसाठी, म्हणाला. छायाने फार लक्ष दिलं नाही.

त्याच दिवाळीत ती मीना बाजारातल्या एका अत्तरवाल्याकडे गेली. मालक तय्यब, मूळचा रत्नागिरीचा. त्याने चंदनाची कुपी पुढे केली तेव्हा छाया सहज म्हणाली की यात देवदार मिसळलाय. तय्यबने भुवया उंचावल्या, आणखी पाच कुप्या मांडल्या. तिने पाचही बरोबर ओळखल्या.

"ताई, तुमचं नाक मला नोकरीला पाहिजे," तो म्हणाला. "बाकी सगळं मी शिकवतो, इन्शाल्ला."

अठरा वर्षं नवऱ्याच्या व्हिसावर राहिलेल्या बाईकडे कुणीतरी पहिल्यांदाच तिचं स्वतःचं काही मागितलं होतं. बसमध्ये ती एकटीच हसत होती. घरी मुलगी, ईश्वरी, म्हणाली, "आई, जस्ट टेक इट."

गुणवंतने आधी जेवण संपवलं. मग म्हणाला, दिवसभर अत्तरं हुंगून तुझं नाक बधिर होईल, आणि शनिवारी एक थेंब चुकला तर माणसांचे डोळे जातात. "सुजीत आंधळा झाला तर त्याची पोरं तू सांभाळणार का?" मग भट्टीच बंद कर, ती म्हणाली. करू की, गुणवंत म्हणाला, ईश्वरीची बारावी होऊ दे, मग बंद करू, मग तू खुशाल जा. सुजीतच्या डोळ्यांची धास्ती खरीच होती, म्हणून छाया थांबली. तय्यबनेही थांबायची तयारी दाखवली, ही त्याची मेहेरबानी.

ईश्वरी बारावी झाली आणि पुण्याला गेली. छायाने तय्यबला फोन केला, पुढच्या महिन्याची तारीख ठरली. मधल्या काळात तिला ताप आला, चार दिवसांत उतरलाही. पाचव्या दिवशी गॅसवर दूध करपून काळं झालं, आणि शेजारी उभ्या असलेल्या छायाला ते कळलं नाही.

तरी ती गेली. तय्यबने अत्तरात बुडवलेल्या तीन कागदी पट्ट्या दिल्या. तिन्ही तिला कोऱ्या कागदासारख्या. वास येईल परत, कुणाकुणाला येतो, असं तो म्हणाला, पण तिच्याकडे न बघता. महिना गेला, वास आला नाही. तिला एखाद्या जवळच्या माणसाला पोचवून आल्यासारखं वाटत होतं.

ती गुणवंतला सांगत नव्हती, कारण सांगितलं की ते खरं होणार होतं. भट्टी काही बंद झाली नव्हती, महिनाभर बरण्यांतलीच पुरली होती एवढंच. पण पुढच्या शनिवारी दुपारी हंडा गॅसवर चढला, पहिला कप भरला आणि तिला राहवलं नाही.

"मला वास येत नाही. महिना झाला. आज गाळू नकोस."

गुणवंत झाकणाकडेच बघत होता. "एवढंच ना? त्यासाठी काय थांबायचं? मी आकडा बघतो, भांडं कधी बदलायचं ते त्यावरून कळतं. थर्मामीटर बसवला तेव्हापासून तोच तर बघतोय."

"मग मला इथे कशाला बसवत होतास?"

"तुला बरं वाटायचं ना, म्हणून."

गणपतीत थर्मामीटर, दिवाळीत तय्यब. छायाने दोन्ही सण मनात शेजारी शेजारी ठेवले. मग तिला नवऱ्याचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा, कारण तो आकडा दोन वर्षं तिच्या डोळ्यांसमोरच होता. तिने गॅस बंद केला.

"अगं, बरण्या संपल्यात, सगळे यायचेत," गुणवंत म्हणाला. "त्यांना देऊ काय?"

"पहिल्या धारेची दे," छाया म्हणाली. "तुला कळतंय ना सगळं."

तो हसला, त्याला ती थट्टा वाटली. छाया उठली. ओट्यावर तो पहिला कप तसाच होता. सुजीतची दोन लहान पोरं तिला आठवली. कप उचलून तिने नेहमीसारखा संडासात ओतला आणि वरून पाणी सोडलं. तिला कसलाच वास आला नाही.